भुताचा ताळेबंद

माणसाची खरी आवड त्याच्या दिवाणखान्यातल्या पुस्तकांवरून कळत नाही. ती त्याच्या शर्टाच्या खिशात राहिलेल्या अर्ध्या तिकिटावरून कळते. आमच्या बँकेत चार माणसांत सिनेमाचा विषय निघाला, की जो तो सत्यजित राय यांच्या खाली उतरायला तयार नसतो. आमचे अकाउंटंटसाहेब तर ‘पथेर पांचाली’चं नाव घेताना खुर्चीतून थोडे उठतात. मला मात्र स्वस्तातले भुताचे सिनेमे आवडतात. स्वस्तातले म्हणजे अगदी स्वस्तातले. ज्यात भुताच्या मानेमागे मुखवट्याची शिवण दिसते, वटवाघूळ दोरीवरून उडताना मध्येच अडकतं आणि हवेलीचा दरवाजा कोणी ढकलण्याआधीच करकरायला लागतो, असे.

‘असलं का बघता हो?’ हा प्रश्न मला बायकोपासून ब्रँच मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी विचारलेला आहे. याचं उत्तर द्यायला एखादा थोर समीक्षक पुढे येईल म्हणून मी बरीच वर्षं वाट पाहिली. कोणी येईना. तेव्हा बी.कॉम. सेकंड क्लास एवढ्याच भांडवलावर हा इतिहास लिहायला मीच बसलो आहे. वीस-बावीस वर्षं खतावणीत डोकं घातल्यामुळे कुठलीही गोष्ट दिसली की ‘जमा किती आणि नावे किती’ हे पाहायची मला खोड लागली आहे. या विषयाला हीच नजर लागते. कारण भुताचा धंदा हा मुळातच काटकसरीचा धंदा आहे.

आता आम्हां कोल्हापूरकरांचा स्वभाव असा, की जगात कुठंही काही झालं की ते आमच्याकडे आधीच होऊन गेलेलं असतं. कुस्ती असो, चप्पल असो, मिसळ असो. बाकीच्यांनी मागाहून नक्कल केली, असं आम्ही समजतो. पुष्कळदा ते खरं नसतं. पण या बाबतीत आहे.

अमेरिकेत हर्शेल गॉर्डन लुईस नावाच्या गृहस्थाने १९६३ साली ‘ब्लड फीस्ट’ नावाचा सिनेमा काढला. पडद्यावर हातपाय तोडून रक्ताचे पाट वाहवणाऱ्या सिनेमांचा आद्यपुरुष म्हणून तिकडचे जाणकार त्याला मान देतात. द्यावा बापडा. पण त्याच्या आधी त्रेचाळीस वर्षं, म्हणजे १९२० साली, आमच्या बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’ या मूकपटात भीमाकडून कीचकाचा वध असा काही करवला, की बघणाऱ्यांची घाबरगुंडी उडाली म्हणतात. तो प्रसंग सेन्सॉरने कापायला लावला. मुंबईत सेन्सॉर बोर्डाची स्थापना झाली तीही १९२० सालीच. म्हणजे बिचाऱ्यांनी अजून नीट दौतटाक मांडली नसेल, तोवर कोल्हापूरने त्यांच्या टेबलावर कीचक आणून टाकला.

बाबूरावांचं मूळ आडनाव मेस्त्री. ते आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे. दोघांना सिनेमाचं वेड लागलं. आनंदराव १९१६ साली वारले. पण बाबूराव थांबले नाहीत. तयार कॅमेरा विकत आणायच्या भानगडीत न पडता त्यांनी दामल्यांच्या मदतीने कोल्हापुरातच कॅमेरा बनवला. पैसे कोणी दिले? तानीबाई कागलकर नावाच्या गायिकेने. आजच्या कर्ज विभागापुढे हा प्रस्ताव ठेवून बघा. ‘व्यवसाय: चित्रकार. तारण: स्वतः बनवलेलं यंत्र. कर्जाचा उद्देश: कीचकाला मारणे.’ आमच्याकडे असा अर्ज आला असता तर शिपायानेच बाहेरच्या बाहेर परत केला असता. तानीबाईंनी तो मंजूर केला, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. पुढे लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं.

बाबूरावांनी कीचकच का निवडला, हे बघण्यासारखं आहे. याच कथेवर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ नाटक १९०७ साली आलं होतं. लोकांना त्या कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. म्हणजे तो वध बघताना थिएटरातला माणूस नुसता घाबरत नव्हता; त्याच्या छातीवर जो कोणी बसलेला होता त्याला तो भीमाच्या हातात देत होता. सरकारी कचेरीतला एखादा कारकून अर्ध्या तिकिटात कर्झनचे तुकडे झालेले बघून, दुसऱ्या दिवशी पुन्हा वेळेवर कामावर हजर होत असेल. एवढ्या कमी खर्चात एवढा लाभ देणारी दुसरी योजना माझ्या माहितीत नाही.

पण बाबूराव पेंटरांचा खरा भयपट मी ‘सैरंध्री’ला मानत नाही. मी मानतो १९२५ च्या ‘सावकारी पाश’ला. त्यात तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. तो मूकपट आज पाहायला मिळत नाही. पण ज्यांनी पाहिला ते त्यातल्या एका प्रसंगाची आठवण काढत: अंधुक उजेडातली एक भकास झोपडी आणि तिच्यापुढे रडणारं कुत्रं. बस्स. भुताच्या सिनेमाचं सगळं सामान आहे की नाही बघा! काळोख आहे, ओसाडी आहे, कुत्रं आहे. फक्त भूत नाही. भुताच्या जागी कर्ज आहे. हे वर्णन वाचताना बँकेत नोकरी करणारा माणूस खुर्चीत जरा चुळबुळतो, हे खरं. पण कौतुक केल्याशिवाय त्याच्याने राहवत नाही. एक झोपडी, एक कुत्रं, यात खर्च तो काय? कुत्र्याला भाकरी घातली असेल तेवढीच.

तसं पाहिलं तर आपली मराठी भुतंसुद्धा साधीच. मुंजा घ्या. एका पिंपळावर त्याचं भागतं. हडळीला उलटी पावलं पुरतात. चकव्याला तर अंगच नाही. नुसता रस्ता पुरतो. खविसाची तेवढी थोडी ऐट, पण तोही बंगला मागत नाही. अशी अल्पसंतुष्ट भुतं असताना मराठी सिनेमाने त्यांचा म्हणावा तेवढा उपयोग करून घेतला नाही. १९८२ साली ‘एक डाव भुताचा’ आला, १९९३ साली महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’. त्यातली कल्पना परदेशी ‘चाइल्ड्स प्ले’वरून सुचलेली, पण बाहुल्यात शिरलेल्या खुन्याला ‘तात्या’ म्हणणं हे फक्त मराठी माणसालाच सुचावं! दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू रामदास पाध्यांच्या बाहुल्यातून गळा दाबायला येतो, आणि आपण त्याला अहो-जाहो करायच्या बेतात असतो. भीतीतही वडीलधाऱ्यांचा मान ठेवणारी आपली जात.

ही उणीव भरून काढली ती एका सिंधी कुटुंबाने. फत्तेचंद रामसिंघानी यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांना ‘रामसिंघानी’ म्हणताना जिभेला गाठ पडे, म्हणून त्यांचे झाले ‘रामसे’. फाळणी झाली, कुटुंब मुंबईला आलं. दुकान पुन्हा रेडिओचंच, पण मालकाला सिनेमा काढायची हौस. १९७० साली ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ निघाला आणि आपटला. त्यात एका प्रसंगात पृथ्वीराज कपूर अक्राळविक्राळ मुखवटा घालून चोरी करायला येतात. रामसेंच्या मुलांनी थिएटरात बसून पाहिलं, तर लोक त्या एका प्रसंगासाठी येतायत आणि तो संपला की उठतायत!

वाचकहो, याला म्हणतात व्यापारी बुद्धी. दुकानातला सगळा माल धूळ खात पडलाय आणि एकच वस्तू खपतेय, तर शहाण्याने काय करावं? बाकीचा माल काढून टाकावा आणि तीच वस्तू दुकानभर मांडावी. आम्हाला हे तत्त्व कॉलेजात तीन वर्षं शिकवलं, तरी आमच्यातल्या कोणी दुकान काढलं नाही. रामसेंनी १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ काढला.

सात भाऊ होते. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करायचे, गंगू कॅमेऱ्यामागे, किरण आवाजाकडे, कुमार लेखनाला, अर्जुन संकलनाला, केशू निर्मितीला. कॅमेऱ्यावरचं एक इंग्रजी पुस्तक घेऊन हे सगळे काश्मिरात हाऊसबोटीवर राहिले आणि वाचून वाचून धंदा शिकले. आम्हीसुद्धा बँकेच्या खात्यांतर्गत परीक्षा अशाच पुस्तकं वाचून देतो. पण त्यातून प्रमोशनसुद्धा निघत नाही, भूत तर लांबच. मग ही मंडळी महाबळेश्वरला गेली. सगळं कुटुंब बरोबर, स्वयंपाक घरच्या बायकांचा, मुक्काम गेस्ट हाऊसवर. सिनेमा सुमारे साडेतीन लाखांत उरकला. मला सगळ्यांत थक्क करतं ते वेगळंच. आमच्याकडे सात भाऊ आणि दोन गज जमीन म्हटलं, की तीन पिढ्या कोर्टात जातात. यांनी त्यातून सिनेमा काढला!

पुढे १९८४ चा ‘पुराना मंदिर’, १९८८ चा ‘वीराना’, १९९० चा ‘बंद दरवाजा’, आणि १९९३ पासून घराघरांत ‘झी हॉरर शो’. ‘पुराना मंदिर’मधला राक्षस सामरी झाले ते अजय अग्रवाल. शिक्षणाने इंजिनीयर. म्हणजे आमच्या नात्यातला मुलगा इंजिनीयर होऊन नोकरीसाठी वणवण फिरत होता, तेव्हा दुसरा एक इंजिनीयर नुसत्या उंचीवर अन् चेहऱ्यावर देशभर गाजत होता. या सामरीचं मुंडकं आणि धड वेगवेगळ्या ठिकाणी बंदिस्त करून ठेवलेलं असतं. कोल्हापूरकराला यात नवल वाटत नाही. आम्ही तो हिशोब १९२० सालीच केला होता.

आता मुख्य प्रश्न: या सिनेमांत शिवण दिसते, दोरी दिसते, मग भीती कशी वाटते? याचं उत्तर मला समीक्षेत सापडलं नाही, ते भागीदारीच्या कायद्यात सापडलं. मोठ्या सिनेमाला तुमची गरज नसते. त्याचं भूत संगणकावर पूर्ण घडून येतं, केसन्‌केस हलतो. तुम्ही फक्त गिऱ्हाईक. स्वस्त सिनेमाचं तसं नाही. त्याच्याकडे भांडवल कमी. अर्धं भूत तो आणतो आणि म्हणतो, उरलेलं तुम्ही घाला. मग मी माझ्या आजीने सांगितलेला मुंजा घालतो, शेजारचा त्याच्या गावच्या विहिरीची बाई घालतो, आणि भूत पुरं होतं. आम्ही त्या धंद्यात भागीदार असतो. आणि स्वतःच्या धंद्याला कोणी हसत असलं तरी नावं ठेवत नाही.

हे सगळीकडे असंच आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्गजवळ जॉर्ज रोमेरो आणि त्याच्या मित्रांनी १९६८ साली ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला, एक लाखाच्या थोड्या वर डॉलरांत. तिकडच्या हिशोबात ही चिल्लर. सिनेमा कृष्णधवल, त्यामुळे रक्त म्हणून चॉकलेटचं सरबत चाललं. वितरकाने ऐन वेळी सिनेमाचं नाव बदललं, आणि नवीन नावाच्या पाटीवर कॉपीराइटची एक ओळ घालायची राहून गेली. तेवढ्यावरून सिनेमा सगळ्यांच्या मालकीचा झाला. कोणीही दाखवावा, कोणीही विकावा! मिळकत दुसऱ्यांनी खाल्ली, पण प्रेतं जगभर चालू लागली. एक ओळ राहिली की काय होतं, हे आम्हाला मेमोच्या भाषेत ठाऊक आहे. पण विसरलेल्या ओळीतून अमर झालेला माणूस हा एकच.

चॉकलेटच्या सरबताचं वाचून मला वाईट वाटलं ते एवढ्यासाठी, की त्यांना तांबड्या रश्श्याची माहिती नव्हती. रंग, दाटपणा, वर तरंगणारी तर्री! शिवाय शूटिंग संपल्यावर भाकरीबरोबर खाता आला असता.

हे सिनेमे मी पाहिले ते कॉलेजात असताना. रामसेंच्या जुन्या प्रिंटा तेव्हा कोल्हापुरात फिरून फिरून लागायच्या. प्रिंटवर इतक्या रेघा, की सगळी हवेली पावसात भिजतेय असं वाटायचं. पण मजा पडद्यावर कमी आणि खुर्च्यांत जास्त. हिरॉइन मेणबत्ती घेऊन एकटी तळघरात निघाली, की मागून आवाज यायचा, ‘अगं ए बाई, आधी लाइट तरी लाव की!’ भूत दारात दिसलं, की ‘आलं, आलं, पावणं आलं! पाणी द्या कुणीतरी!’ एकदा माझ्या शेजारी तालमीतला एक पैलवान बसला होता. कान मोडलेले, दंड माझ्या मांडीएवढे. भुताचा हात मातीतून वर आला आणि या गड्याने माझं मनगट असं धरलं, की दोन दिवस मला लेजर उचलता आलं नसतं. सुदैवाने तेव्हा नोकरी नव्हती. डोळे गच्च मिटून म्हणाला, ‘भावा, संपलं की सांग.’ मी म्हटलं, ‘अहो, रबराचा हात आहे तो.’ तर म्हणतो, ‘ते कळतंय रं मला. तू संपलं की सांग.’

‘ते कळतंय रं मला’ या चार शब्दांत सगळं शास्त्र आहे. रबर आहे हे माहीत असूनही माणूस घाबरायला येतो, कारण बाहेर ज्यांची भीती वाटते ती रबराची नसतात.

या सिनेमांच्या शेवटी एक दृश्य हमखास असतं. गावकरी मशाली घेऊन हवेलीवर चाल करून जातात, त्रिशूळ निघतो, भूत जळतं, आपण टाळ्या वाजवतो. कोल्हापुरातल्या जुन्या माणसांना मात्र मशालींचा एक वेगळा सिनेमा ठाऊक होता. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर जे जाळपोळीचं वादळ उठलं, त्यात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. तिथे हवेलीत भूत नव्हतं. सिनेमे करणारी माणसं होती. जमाव आपल्याच गावचा होता. भालजींनी स्टुडिओ पुन्हा उभा केला, ही त्यांची छाती. पण माणसाचा सगळ्यांत भीतिदायक अवतार कोणता, तर बिनमुखवट्याचा, हे या गावाला रामसेंच्या बऱ्याच आधी कळलं होतं.

माझ्यासारख्याच्या आयुष्यात एवढं मोठं काही घडत नाही. पण नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या, आणि १० तारखेला बँकेचं शटर वर गेलं, तो दिवस मी विसरलेलो नाही. रांग कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली होती. दुपारी एक म्हातारी काउंटरवर आली. पदराखालून साखरेचा डबा काढला. आत नोटा. नवऱ्याला न कळू देता साठवलेल्या. नवरा जाऊनही काही वर्षं झाली होती, तरी ती इकडेतिकडे बघूनच डबा उघडत होती. मला म्हणाली, ‘बाळा, ह्येचा आता कागुद झाला का रं?’ मी म्हटलं, ‘नाही आजी, सगळे जमा होतील.’ तिचा विश्वास बसेना. तिने माझं मनगट धरलं. पैलवानाने धरलं होतं तसंच, फक्त जोर कमी. ‘संपलं की सांग’ असं ती म्हणाली नाही, पण मला ते ऐकू आलं. माझ्यापाशी त्रिशूळ नव्हता. रबराचा शिक्का होता. तो मारून पावती दिली, तेव्हा तिचा हात सुटला.

त्या दिवसापासून मला हे सिनेमे का आवडतात हे नीट सांगता येतं. भीती सगळ्यांनाच असते. पण संसारातल्या भीतीला तोंड नसतं. ऑपरेशनचं बिल, मुलाचा निकाल, उतारवय, यांच्या छातीत त्रिशूळ कुठे खुपसायचा? वर्ष संपलं तरी ही खाती बंद होत नाहीत. शिल्लक पुढील पानावर ओढावी लागते. रामसेंचं भूत मात्र सचोटीचं. त्याला तोंड असतं, भले रबराचं असो. ते ठरल्या वेळी येतं, ठरल्या रिळात मरतं, आणि अडीच तासांत भीतीचं खातं पैन्‌पै जुळतं. थिएटरातून बाहेर पडताना माणूस जो हलका होतो, तो ताळेबंद जुळलेल्या कारकुनासारखा.

आता दिवस बदलले. तुलसी रामसे २०१८ साली गेले, श्याम २०१९ साली, गंगू २०२४ साली. आदित्य सरपोतदारांनी २०२२ साली ‘झोंबिवली’ काढून डोंबिवलीत चालती प्रेतं आणली. सकाळची जलद लोकल ज्याने पाहिली आहे त्याला ती आधीपासूनच तिथे असल्याची शंका होती. त्यांनीच २०२४ साली हिंदीत ‘मुंज्या’ला पडद्यावर आणलं आणि पिंपळावरच्या त्या गरीब भुताने कोटींत धंदा केला. मला आनंदच आहे. आपल्या गावचं पोर नावाला आलं.

पण आताशा भूत बघायचं ते मोबाइलवर, एकट्याने, कानात बोंडं घालून. वीतभर भूत. त्याला थांबवायला त्रिशूळ लागत नाही, अंगठा पुरतो. परवा माझा मुलगा असाच अंथरुणात एक सिनेमा बघत होता. मी विचारलं, ‘भीती वाटत नाही का रे?’ म्हणाला, ‘वाटली की पुढे ढकलतो, बाबा.’ पुढे ढकलतो! म्हणजे आमचीच खतावणी. खातं बंद नाहीच, शिल्लक पुढच्या पानावर.

कोल्हापुरातल्या जुन्या टॉकिजा एकेक करून मिटत गेल्या. व्हीनस टॉकीज गेली, पण रिक्षावाल्याला ‘व्हीनस कॉर्नर’ म्हणा, तो बरोबर तिथे नेऊन सोडतो. देह गेला आणि नाव त्याच कोपऱ्यावर उभं, याला आमच्या आजीच्या भाषेत एकच शब्द होता. रात्री कधी तिकडून जाताना मी वेग कमी करतो. भीतीमुळे नव्हे, ओळखीचं भूत आहे, न बोलता पुढे जाणं बरं दिसत नाही म्हणून.